वनाची प्रकृती आणि शेताची राखण

खरिपाचे पीक टीचभर वर आले की वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याची रात्रीची झोप संपते. पूर्वी जागलीला जावयाचे ते ज्वारी हुरड्यावर आल्यानंतर. दिवसा पाखरे हाकलावयाची व रात्री चोराचिलटावर नजर ठेवावयाची, एवढेच तिचे काम असे. सांप्रत जागल पेरणीपासून सुरू होते व हरभरा खळ्यात पडेपर्यंत चालते. पेरलेले बी रानडुकरे उकरतात, उगवलेला सोयाबीन रोही खुडतात, तुरीच्या शेंगा वानरे ओरबाडतात आणि उरले ते घरी येते. ही तक्रार आमच्या मंडळीत जितक्या वेळा निघते तितक्या वेळा तिचा शेवट एकाच वाक्यात होतो : जंगल खाते जंगलाकडे पाहते, शेताकडे कोण पाहतो ?

हा प्रश्न रास्त आहे. परंतु जंगलाकडे पाहणारे नेमके काय पाहतात, कशाने पाहतात, व त्यांच्या पाहण्यातून आपल्या हाती काही लागते किंवा नाही, याचा विचार आपल्या वर्गात फारसा झालेला नाही. वनाची प्रकृती आता आकाशातील उपग्रहांवरून तपासली जाते, आणि वन्य पशूंचा पिकांवर होणारा परिणाम शास्त्रीय रीतीने मोजण्याचे कामही आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात झालेले आहे. या दोहोंची माहिती आमच्या वाचकांस करून द्यावी व तीतून घेण्यासारखे काय आहे ते सांगावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्या भोवतालचे रान

पिपरी मेघे हे गाव वर्धा शहरास लागून आहे. सिंदी, सावंगी, बोरगाव व पिपरी ही 'मेघे' नावे लावणारी गावे एके काळी निव्वळ शेतीची होती. आज त्यांतील पुष्कळ काळी जमीन निवासी भूखंडांत गेली आहे. जखमी व निराधार वन्य प्राण्यांस आसरा देणारे 'करुणाश्रम' याच पिपरी मेघेच्या परिसरात आहे. शहराच्या वेशीवर अशा आश्रयस्थानाची गरज पडावी, यावरूनच रान व वस्ती यांमधील अंतर किती उरले आहे हे ध्यानात येते.

खरे वन येथून तीस-चाळीस किलोमीटरांवर, सेलू तालुक्यात हिंगणीच्या पलीकडे सुरू होते. बोर नदीवरील धरणाभोवतीच्या या रानाला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला व २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. त्याचा गाभा अवघा १३८.१२ चौरस किलोमीटर असून देशातील लहानात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. साग, ऐन, तेंदू व बांबू यांचे हे कोरडे पानझडी रान. एवढ्याशा रानात वाघाची वाढती प्रजा मावणे शक्य नाही. तरणे वाघ बाहेर पडतात, आणि पेंच, मेळघाट, ताडोबा अशा दूरच्या रानांकडे जाणारी त्यांची वाट कापूस, तूर व संत्र्याच्या बागांतून जाते. तेव्हा बोरच्या रानाची प्रकृती हा केवळ वन खात्याचा विषय नसून सेलू, कारंजा, आर्वी या तालुक्यांतील प्रत्येक खातेदाराचा विषय आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रानडुक्कर व रोही यांना घनदाट वनाची आवश्यकता नसते. नाल्याकाठची बाभळीची झुडपे, पडीक वावर, वाढू दिलेल्या पांदणी व न बांधलेले भूखंड एवढ्या आडोशावर ती सुखाने राहतात व वाढतात. म्हणून ज्या गावास वनाची सीमा लागून नाही त्या गावातही पीक सुरक्षित नाही. वनाच्या नकाशात अशा जागा बहुधा येतच नाहीत, आणि शेतकऱ्याचा निम्मा शत्रू तेथेच दडलेला असतो.

आकाशातून वन कसे दिसते

वनाची पाहणी करणारी मध्यवर्ती संस्था म्हणजे डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण. ती १९८१ साली स्थापन झाली व तिचा पहिला अहवाल १९८७ साली निघाला. तो अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवर आधारलेला होता. १७ मार्च १९८८ रोजी आपल्या देशाचा स्वतःचा आयआरएस-१ए हा भू-निरीक्षक उपग्रह कक्षेत गेला, व पुढे त्याच मालिकेतील उपग्रहांच्या चित्रांवर हे काम होऊ लागले. आपल्या राज्यापुरते असे काम करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपूरलाच आहे.

उपग्रह जमिनीचे छायाचित्र घेतो असे आपण म्हणतो, तथापि त्याचे खरे काम प्रकाशाची मोजदाद हे आहे. हिरवे पान आपले अन्न तयार करण्यासाठी सूर्याचा तांबडा प्रकाश शोषून घेते, आणि तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवून लावते. पान सुकू लागले, किडीने पोखरले किंवा पाण्याला तरसले की हे प्रमाण पालटते. तांबडा अधिक परततो व अवरक्त कमी. या दोन आकड्यांची वजाबाकी करून तिला त्यांच्या बेरजेने भागले म्हणजे जो अंक मिळतो त्यास वनस्पती निर्देशांक म्हणतात. समजा, अवरक्त ५० व तांबडा ५ भाग परतला, तर ४५ भागिले ५५, म्हणजे ०.८२ हा अंक सशक्त पालवीचा झाला. अवरक्त ३० व तांबडा १५ झाला तर १५ भागिले ४५, म्हणजे ०.३३ हा अंक मरगळलेल्या किंवा विरळ पालवीचा. वैद्य नाडीवरून प्रकृती ओळखतो त्यातलाच हा प्रकार आहे. नाडी रोगाचे नाव सांगत नाही, परंतु काही बिघडले आहे एवढे सांगते.

चित्राचा बारकावा किती असतो हे शेतकऱ्याच्या मापात सांगणे बरे. वन सर्वेक्षणात पुष्कळ वर्षे वापरात असलेल्या चित्रांतील प्रत्येक ठिपका साडेतेवीस मीटर चौरसाचा, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांचा असे. युरोपीय देशांनी २०१५ पासून सोडलेल्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांत तो दहा मीटर चौरसाचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याएवढा आहे. दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपली जाते व ही चित्रे सर्वांस विनामूल्य मिळतात. अडचण एकच, ढगांची. ज्या काळात आपले खरीप उभे असते त्याच काळात आकाश झाकलेले असते. ही अडचण ओलांडणारा निसार नावाचा रडार उपग्रह अमेरिका व भारत या दोन देशांच्या अवकाश संस्थांनी मिळून ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडला. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात व त्यांतील लांब लहरी पालवीच्या आत शिरून खोडाफांद्यांचाही अंदाज घेतात. बारा दिवसांनी तो त्याच जागेवर परततो.

हिरवे ते सर्व निरोगी नव्हे

इतके सामर्थ्य असूनही वरून घेतलेल्या चित्राचा अर्थ लावण्यास खालची माहिती लागते. ती नसेल तर मोठी गफलत होते.

पहिले उदाहरण सागाचे. आपले सागवान हिवाळ्याच्या अखेरीस पाने टाकू लागते व उन्हाळ्यात उघडे पडते. मार्च महिन्याचे चित्र पाहून कोणी बोरचे रान मेले म्हणेल तर तो फसेल. म्हणूनच आपल्याकडील पानझडी वनांसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतील चित्रे घेण्याची पद्धत आहे. त्याचप्रमाणे पावसाळ्यात सागावर पाने खाणाऱ्या अळ्या पडतात. एक जात संपूर्ण पान फस्त करते, तर दुसरी शिरांची जाळी ठेवून मधला हिरवा भाग खाते. अशा वेळी निर्देशांक एकदम उतरतो, परंतु झाड मरत नाही. पुन्हा पालवी फुटते व अंक चढतो. एका तारखेच्या चित्रावरून निदान करणे हे एका दिवसाच्या तापावरून क्षय ठरविण्यासारखे आहे. अनेक वर्षांची त्याच महिन्यातील चित्रे ओळीने लावून पाहिली तरच खरा ऱ्हास ओळखता येतो.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे, कारण त्याचा संबंध थेट आपल्या कुंपणाशी आहे. घाणेरी हे परदेशातून आलेले काटेरी झुडूप आपल्या रानात माजले आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे देशातील वाघांच्या प्रदेशापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भागात घाणेरीचा शिरकाव झालेला आहे. ती सदोदित हिरवी, दाट व टवटवीत असते. वरून पाहणाऱ्यास ते रान हिरवेगार दिसते. प्रत्यक्षात तिच्याखाली गवत उगवत नाही, आणि तिचा पाला चितळ-सांबर सहसा खात नाहीत. चितळास गवत नाही म्हणून ते धुऱ्यावर येते, चितळामागे बिबट्या येतो, बिबट्यास वासरू सापडते, आणि तक्रार मात्र शेतकरी व वन खाते यांच्यात होते. या तंट्याचे मूळ अशा वेळी त्या हिरव्या झुडपात असते. निर्देशांक चढला म्हणून वन सुधारले असे मानणाऱ्याने एकदा खाली उतरून गवत पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट वनाच्या व्याख्येची. वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जागेवर झाडांच्या माथ्याची सावली दहा टक्क्यांहून अधिक असेल ती वनाच्छादनात धरली जाते, मग ती जमीन कोणाच्याही मालकीची असो. त्यामुळे फळबागही या आकड्यात येऊ शकते. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या क्षेत्राच्या सुमारे साडेसोळा टक्के दाखविले होते. त्यात अति घनदाट वन ८,७३४, मध्यम दाट २०,५८९ व विरळ २१,४७५ चौरस किलोमीटर असा हिशेब होता. सर्वांत मोठा वाटा विरळ वनाचा आहे हे वाचकांनी लक्षात ठेवावे. एकूण आकडा थोडा वाढला म्हणजे पशूंचा चारा वाढला असे मुळीच नव्हे.

नुकसान किती, हे कोणी मोजले ?

आता आपल्या बाजूकडे वळू. शेतकरी म्हणतो, निम्मे पीक गेले. पंचनामा करणारा म्हणतो, दोन-चार टक्के. यांत खरे कोणाचे ? या प्रश्नाचे उत्तर ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरील गावांत अभिजीत बायणी, मिलिंद वाटवे व त्यांचे सहकारी यांनी शोधले व आपले निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध केले. त्यांनी एकाच पद्धतीवर भिस्त न ठेवता चार निरनिराळ्या रीतींनी नुकसान मोजले. चारही रीतींचा निष्कर्ष एकाच दिशेने गेला : वनास लागून असलेल्या शेतांत नुकसान पन्नास टक्क्यांहून अधिक, व वनापासून जसजसे दूर जावे तसतसे ते कमी. याहून मोठा निष्कर्ष असा की, भरपाईसाठी नजरेने अंदाज बांधण्याची जी सरकारी रीत आहे, तिने काढलेला आकडा प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा फार कमी असतो. इतकेच नव्हे, तर त्या दोहोंचा परस्परांशी मेळही लागत नाही. म्हणजे ज्याचे अधिक गेले त्यास अधिक मिळेल अशी देखील खात्री नाही.

असे का व्हावे, हे अनुभवी शेतकऱ्यास कळण्यासारखे आहे. डुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर लोळवतो ते सर्वांस दिसते. परंतु रोही रोज रात्री येऊन शेंडे खुडतो ते चालत्या माणसास दिसत नाही. उगवणीच्या वेळी खाल्लेले रोप नाहीसेच होते, व नाहीशा झालेल्या रोपाचा पंचनामा कोण करणार ? तेथे 'विरळ उगवण' एवढीच नोंद होते. उलट, कपाशीचा शेंडा लवकर खुडला गेला तर ती फांद्या फोडून काही अंशी भरून काढते. तेव्हा नुकसान रात्री किती दिसले यापेक्षा काढणीच्या वेळी उत्पन्न किती घटले, हेच त्याचे खरे माप होय.

मग हे माप उपग्रहावरून का घेऊ नये, असे कोणी विचारील. एका गुंठ्याचा एक ठिपका ज्या चित्रात आहे त्यात चार तासांतली खुडलेली रोपे दिसत नाहीत. आडवा झालेला सोयाबीन दोन दिवस हिरवाच राहतो. शिवाय ढग आहेतच. गारपीट, पूर किंवा अवर्षण यांनी एकदम मोठे क्षेत्र बाधित झाले तर उपग्रह उत्तम साक्षीदार ठरतो. पशूंनी केलेल्या विखुरलेल्या नुकसानीस मात्र अद्याप जमिनीवरचीच मोजणी पाहिजे. जे साधन ज्या कामाचे नाही ते त्या कामास लावून निघालेला आकडा शेतकऱ्याच्या माथी मारला जाऊ नये, याविषयी आपण जागरूक राहिले पाहिजे.

वाघाची वाट आणि विजेची तार

संशोधनाचा तिसरा भाग प्राण्यांच्या गळ्यातील पट्ट्यांचा. या पट्ट्यातील यंत्र उपग्रहांच्या साह्याने प्राण्याचे ठिकाण कळवीत राहते. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात पट्टा बांधलेला एक तरणा वाघ २०१९ साली बाहेर पडला व विदर्भ, तेलंगण, मराठवाडा असा फिरत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्टा चालू होता त्या सुमारे नऊ महिन्यांत त्याची चाल तीन हजार किलोमीटरांच्या घरात गेली. या चालीचा मोठा भाग शेतांतून झाला. वाघ शेतात येतो तो मुक्कामास नव्हे, तर पुढे जाण्यास, हे अशा नोंदींमुळे प्रथमच इतके स्वच्छ कळले.

दुसरी हकीकत आपल्याच जिल्ह्यातील व दुःखाची आहे. माणसांवरील हल्ल्यांमुळे ब्रह्मपुरी भागातून पकडलेली एक वाघीण जुलै २०१७ मध्ये गळ्यात पट्टा बांधून बोरच्या रानात सोडण्यात आली. तेथे ती स्थिरावली नाही. ती गावोगाव भटकू लागली, येथेही तिच्या हल्ल्यांत माणसे दगावली, व तिला ठार मारण्याचा हुकूम निघाला. तो अमलात येण्यापूर्वीच, ऑक्टोबर २०१७ मध्ये, कारंजा तालुक्यातील सिंदीविहिरी येथे शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेचा धक्का लागून ती मेली. पट्ट्यामुळे तिची वाट कळत होती, पण पुढच्या धुऱ्यावर वीज सोडलेली आहे हे कोणत्याच नकाशात नव्हते.

या हकीकतीवरून आम्ही कोणास दोष देऊ इच्छित नाही. ज्याचे पीक रोज जाते त्याची मनःस्थिती आम्ही जाणतो. परंतु कुंपणाच्या तारेत सरळ घरगुती वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय तो आत्मघात आहे. ती तार डुक्कर, वाघ, बैल, सालदार व स्वतःचा मुलगा यांत भेद जाणत नाही. सौर कुंपणाची गोष्ट निराळी. त्यातील यंत्र तारेत उच्च दाबाचा परंतु क्षणाच्या अल्पांशापुरता झटका साधारण सेकंदास एकदा सोडते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. मात्र तारेखाली गवत वाढू दिले तर झटका जमिनीत जिरतो, व सर्वांत खालची तार उंच बांधली तर डुक्कर तिच्याखालून निघून जाते. कुंपण बांधून विसरून गेलेल्यास त्याचा उपयोग होत नाही. एकट्याने बांधल्यास कळप शेजाऱ्याच्या वावरात जातो व वैर वाढते. म्हणून शिवाराचा सलग भाग मिळून घेणे श्रेयस्कर.

आमच्या वाचकांनी काय करावे

(१) जनावर ओळखावे. डुक्कर सोंडेने माती उकरते, पीक आडवे करते, व ओल्या मातीत त्याच्या खुरांमागे दोन लहान टोकांचा ठसा उमटतो. रोही उंचावरचे शेंडे खुडतो व लेंड्या पुनःपुन्हा एकाच जागी टाकतो. चितळ त्याहून खालची पालवी खाते. वानरे शेंगा व फळे तोडून अर्धी टाकून देतात. कोणते जनावर ते लिहिले नसेल तर अर्ज लंगडा पडतो.

(२) वेळ गाठावी. पिकाच्या नुकसानीची खबर तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकास किंवा वनपालास लेखी द्यावी व पोच घ्यावी. गुरू मारले गेल्यास खबर अठ्ठेचाळीस तासांत द्यावी, व पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवू नये. भरपाईचे दर वेळोवेळी बदलत आले आहेत. चालू दर वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे, ऐकीव आकड्यावर विसंबू नये.

(३) छायाचित्र घ्यावे. हाती असलेल्या भ्रमणध्वनीत स्थान व वेळ यांची नोंद चालू करून ठसे, खाल्लेली रोपे व शेताची चतुःसीमा टिपावी. वन्य पशूंनी केलेले नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२६ च्या खरिपापासून घेण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यात बहात्तर तासांच्या आत, स्थानाची नोंद असलेल्या छायाचित्रांसह कळविण्याची अट आहे. कोणते पशू व कोणते जिल्हे घ्यावयाचे हे राज्याने ठरवावयाचे असल्याने आपल्या गावाची स्थिती विमा भरण्यापूर्वी कृषी कार्यालयात पाहून घ्यावी.

(४) नमुना चौकोन राखावा. ही सूचना आम्ही विशेष आग्रहाने करतो. शेतात पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद असा एक चौकोन पेरणीबरोबरच जाळीने पक्का बंद करावा, व त्यास लागून तेवढाच दुसरा उघडा ठेवून खुणा ठोकाव्यात. खत, डवरणी, फवारणी सर्व सारखे करावे. काढणीस दोहोंचे उत्पन्न वेगळे तोलावे. समजा, बंद चौकोनात सोयाबीन पाच किलो व उघड्यात साडेतीन किलो निघाले, तर घट दीड किलो, म्हणजे तीस टक्के झाली. एकरात असे सुमारे एकशे बासष्ट चौकोन बसतात, म्हणजे एकरी घट जवळजवळ अडीच क्विंटल. एका जोडीवर विसंबू नये. रानाकडील धुऱ्याजवळ, मध्यावर व दूरच्या टोकाला अशा निदान तीन जोड्या असाव्यात. पीक कापणी प्रयोग आपल्या ओळखीचा आहे, त्याचीच ही पुढची पायरी समजावी.

(५) आग आवरावी. पऱ्हाटी व धसकटे जाळण्याची आपली रीत रानास फार महागात पडते. आता उपग्रह अशा ज्वाळा टिपतात व वन सर्वेक्षण २००४ पासून त्यांच्या सूचना देत आहे. ही सूचना भ्रमणध्वनीवर येण्याची सोय नाव नोंदविणाऱ्या कोणासही आहे, ती रानाकाठच्या गावांनी अवश्य घ्यावी. वणव्यात गवत गेले की उन्हाळ्यात ते जनावर कोठे जाणार हे सांगावयास नको. जळलेल्या जागी घाणेरी पुन्हा सर्वांआधी फुटते, हेही ध्यानात असावे.

(६) गावाचा स्वतःचा नकाशा करावा. नाल्याकाठची झुडपे, पडीक वावरे, पाणवठे, डुकरांच्या येण्याच्या वाटा व मागील हंगामातील नुकसानीच्या जागा एका कागदावर मांडाव्या. इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर आपले शिवार वरून पाहता येते. गावातील शिकलेली मुले हे काम दोन दिवसांत करतील. कोणती झुडपे प्रथम साफ करावीत व कुंपणाची रेघ कोठून न्यावी, हे अशा नकाशाशिवाय ठरत नाही.

आमचे मागणे

वन्य पशू नष्ट करावे असे आमच्या वर्गाचे म्हणणे कधीही नव्हते व आजही नाही. १९७२ च्या कायद्याने त्यांस संरक्षण दिले, २०२२ च्या दुरुस्तीनंतरही रानडुक्कर व रोही संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत, आणि २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला याचा आम्हांसही अभिमान आहे. परंतु जे धन देशाचे आहे त्याच्या चाऱ्याचा खर्च रानाकाठच्या चार एकरवाल्याने एकट्याने सोसावा, हे न्यायाचे नाही. ताडोबाच्या अभ्यासाने तो खर्च मोजून दाखविला. आता बोरच्या भोवतीही तो मोजला जावा, व मोजणी काढणीच्या उत्पन्नावरून व्हावी, नजरेच्या अंदाजावरून नव्हे, ही आमची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी अशी की, आपल्या रानाविषयी जे ज्ञान उपग्रहांवरून गोळा होते ते मराठीत, तालुकावार व हंगामापूर्वी गावात यावे. यंदा कोठे पाणवठे लवकर आटणार, कोठे वणवा होऊन गेला, कोठे घाणेरी वाढली, एवढे माघ-फाल्गुनात कळले तर पुढील खरिपात कोणत्या बाजूने जनावर येईल याचा अदमास शेतकरी स्वतः बांधील. रानाची प्रकृती बिघडल्याचा पहिला दाखला आपल्या धुऱ्यावर उमटतो. वरून पाहणारा व खालून राखण करणारा यांनी आपापल्या नोंदी एकमेकांस दाखविल्या तर दोघांचेही काम सोपे होईल.

आपल्याकडून सुरुवात म्हणून आमच्या वाचकांपैकी ज्यांची शेते रानाच्या किंवा नाल्याच्या काठी आहेत त्यांनी येत्या पेरणीस नमुना चौकोनाच्या तीन जोड्या आखाव्या, व काढणीनंतर पीक, गाव, रानापासूनचे अंतर व दोन्ही चौकोनांचे तोल एवढा तपशील मासिकाकडे पाठवावा. तो संकलित करून आम्ही छापू. एका शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेऊन बाजूस ठेवता येते. शंभर शेतांचे तोलून काढलेले आकडे तसे बाजूस ठेवणे कोणत्याही कचेरीस इतके सोपे जाणार नाही.